लॉक लावलं तरी पोरानं बघितलंच कसं? घरच्या टीव्हीचा सविस्तर बंदोबस्त

“लॉक लावलंय की हो, तरी पोरानं बघितलंच कसं?” शाळेच्या गेटवर, अपार्टमेंटच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो, म्हणून त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढतो आहे. बहुतेक घरांत कारण एकच निघतं. लॉक एका वाटेवर लावलेलं असतं आणि चित्र दुसऱ्याच वाटेनं आलेलं असतं. पुढच्या दाराला कडी घालून परसदार सताड उघडं ठेवावं, तसा हा प्रकार आहे. पूर्वी टीव्हीत चित्र यायची वाट एकच होती, अँटेना नाहीतर केबल. आता आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यातसुद्धा एकाच टीव्हीला पाच-सहा वाटा असतात आणि प्रत्येक वाटेचं कुलूप वेगळं असतं.

आधी वाटा मोजा

एक कागद घ्या आणि टीव्हीसमोर बसा. रिमोटवरचं इनपुट किंवा सोर्स लिहिलेलं बटण दाबा. तिथं दिसेल तेवढं लिहून काढा: सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआयला लावलेली फायर टीव्ही स्टिक, यूएसबी. मग टीव्हीच्या होम स्क्रीनवर जाऊन प्रत्येक ॲपचं नाव लिहा. कधी उघडत नाही तेही लिहा. टीव्हीतला वेब ब्राउझर हमखास विसरला जातो, आणि त्यात तर कुठलीच गाळणी नसते. शेवटी घरातल्या कोणाकोणाच्या मोबाइलवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकता येतो, ते लिहा.

हा कागद हातात असला की पुढचं काम सोपं होतं. प्रत्येक नावापुढं एकच गोष्ट ठरवायची: काढून टाकायचं, कुलूप लावायचं, की मुलांसाठी मोकळं ठेवायचं. काढून टाकण्यात जितका हात सैल ठेवाल तितकं पुढचं काम हलकं. सहा महिन्यांत न उघडलेलं ॲप ठेवण्यात अर्थ नाही. ब्राउझर काढता आला तर काढा, नाही काढता आला तर त्याला पिन लावा.

पिनबद्दल इथंच सांगतो, कारण सगळा डोलारा त्या चार आकड्यांवर उभा असतो. बहुतेक टीव्ही आणि बॉक्सचा कंपनीतून येणारा पिन ०००० किंवा १२३४ असतो. तो बदलला नाही तर लॉक लावलंच नाही असं समजा. आपल्याकडं नवा पिन ठेवताना लोक एमएच ०९ च्या पुढचा गाडीचा नंबर ठेवतात, नाहीतर मुलाचं जन्मवर्ष. हे दोन्ही पोरांना तोंडपाठ असतात. ज्याचा घराशी काही संबंध नाही असा आकडा घ्या, तो घरातल्या दोन मोठ्या माणसांनाच माहीत असू द्या, आणि मूल शेजारी बसलेलं असताना रिमोटनं टाइप करू नका. रिमोटवर बोट कुठं कुठं फिरतं हे मुलं आपल्यापेक्षा बारकाईनं बघतात.

सेट-टॉप बॉक्स आणि केबलवाले

डीटीएच असो की केबल, बॉक्सच्या मेनूत पॅरेंटल लॉक किंवा चॅनेल लॉक असतंच. रिमोटवरचं मेनू बटण, मग सेटिंग्ज, मग लॉक. मेनूतले शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात. सापडलं नाही तर कस्टमर केअरला किंवा आपल्या केबलवाल्यांना फोन करा. केबलवाले बिल घ्यायला घरी येतात, त्याच वेळी त्यांच्याकडून समोर बसून करून घेणं सगळ्यात सोपं.

पण लॉक लावण्याआधी चॅनेल कमी करा. २०१९ पासून दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या नियमांप्रमाणं पैसे भरून बघायचं प्रत्येक चॅनेल आपल्याला सुटं निवडता येतं. केबलवाल्यांनी दिलेलं पॅकेज घ्यायलाच हवं असं नाही. घरात कोणी बघत नाही ती चॅनेलं काढा. पैसेही वाचतात आणि रिमोट खाली-वर करताना मूल अडखळण्याच्या जागाही कमी होतात.

टीव्हीवर पाहिलेला सिनेमा सगळीकडं तसाच असतो, असा पालकांचा एक गैरसमज असतो. खरं तर टीव्ही चॅनेलवर फक्त ‘यू’ (सगळ्यांसाठी) किंवा ‘यूए’ (लहानांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायचे) प्रमाणपत्राचेच सिनेमे दाखवता येतात. ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचा सिनेमा दाखवायचा तर त्यात काटछाट करून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यामुळं “हा सिनेमा आम्ही टीव्हीवर पाहिलाय, चांगला आहे” असं म्हणून तोच ओटीटीवर, म्हणजे नेटफ्लिक्ससारख्या इंटरनेटवरच्या ॲपवर, मुलांना लावून दिला, तर तिथं न कापलेली आवृत्ती समोर येऊ शकते. नाव तेच असलं तरी तिथलं वयाचं चिन्ह नव्यानं वाचा.

टीव्हीचं स्वतःचं कुलूप

सॅमसंगमध्ये ॲप्सच्या पानावर सेटिंग्जच्या चक्रात गेलं की एकेका ॲपला लॉक लावता येतं. एलजीमध्ये ‘सेफ्टी’ नावाचा भाग असतो, तिथं चॅनेल, ॲप आणि इनपुट अशी तिन्ही लॉक वेगवेगळी आहेत. यातलं इनपुट लॉक फार कामाचं. यूएसबी किंवा स्टिक लावलेला एचडीएमआय बंद ठेवला तर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेले सिनेमे परस्पर लागत नाहीत.

गुगल टीव्ही असेल तर तुमचं नशीब चांगलं. त्यात मुलांचं स्वतंत्र प्रोफाइल करता येतं. कुठली ॲप्स दिसावीत ते तुम्ही निवडता, रोजची वेळ ठरवता, झोपायची वेळ लावता, आणि त्यातून बाहेर पडायला पिन लागतो. वेळ किती द्यायची याला इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला धरायला हरकत नाही: दोन वर्षांच्या आत स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वयात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना. फायर टीव्ही स्टिकचं पॅरेंटल कंट्रोल तिच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रेफरन्सेस’खाली असतं. टीव्हीला लॉक लावलं म्हणून स्टिकला लागलं असं होत नाही.

ओटीटी ॲप्स

इथं कायदा आपल्या बाजूनं आहे, त्याचा उपयोग करून घ्या. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणं ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला पाच गटांपैकी एक चिन्ह द्यावं लागतं: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए. यूए १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांसाठी पॅरेंटल लॉकची सोय देणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. हिंसा, शिव्या, नशा यांपैकी काय आहे तेही सुरुवातीला लिहावं लागतं. कोपऱ्यातल्या त्या दोन ओळी दोन सेकंद थांबून वाचायची सवय घरात लावा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं थिएटरच्या सिनेमांनाही ७+, १३+, १६+ असे यूएचे पोटभाग आले आहेत, त्यामुळं आता एकच भाषा दोन्हीकडं चालते.

सगळीकडं क्रम सारखाच ठेवा. आधी मुलाचं वेगळं प्रोफाइल करा आणि त्याला वयाची मर्यादा घाला. मग मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला पिन लावा. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. मुलासाठी सुंदर किड्स प्रोफाइल केलेलं असतं आणि शेजारीच बाबांचं प्रोफाइल उघडं असतं. चित्रांची सरबत्ती तिथंच जास्त, मग मूल तिकडंच जाणार.

नेटफ्लिक्सचं हे काम टीव्हीवर करत बसू नका, मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये अकाउंटच्या पानावर करा. तिथं प्रोफाइलला लॉक लावताना नवं प्रोफाइल बनवायलाही पिन लागावा असा पर्याय आहे, तो निवडाच. नाहीतर हुशार पोर नवीन प्रोफाइल काढून मोकळं होतं. एखादी विशिष्ट मालिका नावानं बंद करण्याची सोयही तिथंच आहे, आणि पुढं जाता जाता आपोआप सुरू होणाऱ्या झलकी बंद करायचीही. झलकींकडं दुर्लक्ष करू नका. मुलानं काही निवडलेलं नसतं, नुसता रिमोट फिरवत असताना रक्तबंबाळ दृश्य समोर येतं.

प्राइम व्हिडिओत बंधनं कुठल्या कुठल्या उपकरणावर लागू आहेत ते तपासा. मोबाइलवर लावलेलं टीव्हीवर लागलंय असं गृहीत धरू नका. सिनेमा भाड्यानं घ्यायलाही पिन लावा, तो खिशाचाही प्रश्न आहे. जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह, झी ५ यांच्यातही पॅरेंटल पिन आहे. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार हे २०२५ च्या फेब्रुवारीत एकत्र आले. जुन्या ॲपमध्ये लॉक लावलं होतं म्हणून निर्धास्त असाल तर आज एकदा उघडून बघा.

प्रत्येक ॲपचं काम संपल्यावर परीक्षा घ्या. मुलाच्या प्रोफाइलमध्ये जा आणि तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या मोठ्यांच्या मालिकेचं नाव शोधा. ती दिसली तर काहीतरी राहिलंय.

यूट्यूब: सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या

माझ्या मते आजच्या घरात खरी काळजी ओटीटीची नाही, यूट्यूबची आहे. ओटीटीवर निदान कोणीतरी वयाचं चिन्ह लावलेलं असतं. यूट्यूबवर कोणीही काहीही टाकतं, आणि एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. मूल बडबडगीतानं सुरुवात करतं. अर्ध्या तासानं ओळखीच्या कार्टूनमधलं पात्र कुणाला तरी सुरी दाखवत असतं, आणि वरवर ते कार्टूनच असल्यानं स्वयंपाकघरातून आपल्याला काही खटकत नाही.

आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना मुख्य यूट्यूब देऊच नका. यूट्यूब किड्सचं प्रोफाइल तुमच्या खात्याखाली करा. त्यात वयाचे तीन टप्पे आहेत: चारपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा. याशिवाय एक चौथा मार्ग आहे, तो मला सगळ्यात आवडतो. ‘फक्त पालकांनी मंजूर केलेलं’ हा पर्याय निवडला की तुम्ही वेचलेली चॅनेलं आणि व्हिडिओच मुलाला दिसतात आणि शोधायची खिडकी बंद होते. एका रविवारी तास-दीड तास बसून मराठी गोष्टी, विज्ञानाचे प्रयोग, चित्रकला, प्राणी, फुटबॉलचे धडे असं वेचून ठेवा. आपल्याकडच्या पोरांना फुटबॉल दिला की दुसरं फारसं लागत नाही.

टीव्हीवर यूट्यूब किड्स आता मुख्य यूट्यूब ॲपमध्येच उघडतं. सुरुवातीला ‘कोण बघतंय’ असं विचारलं की मुलाचं नाव निवडायचं. मुलाच्या प्रोफाइलमधून परत तुमच्याकडं येताना कोड विचारायची सोय तुमच्या टीव्हीवर दिसली तर ती लावा. नसेल तर वर सांगितलेलं टीव्हीचं ॲप लॉक यूट्यूबलाच लावा आणि मूल बसताना तुम्ही उघडून द्या. थोडा त्रास आहे, पण लहान वयात हाच खात्रीचा मार्ग.

नऊच्या पुढच्या मुलांना देखरेखीखालचं खाते देता येतं. त्यात ‘एक्स्प्लोर’ ही पायरी साधारण नऊपासून आणि ‘एक्स्प्लोर मोअर’ तेरापासून पुढच्यांसाठी आहे.

रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे यूट्यूबची स्वतःची गाळणी, त्यावर मात्र विसंबू नका. तो टीव्हीच्या यूट्यूब सेटिंग्जमध्ये सापडतो, लावून ठेवा, बरंच गाळलं जातं. पण तो त्या उपकरणापुरताच असतो. टीव्हीवर लावला म्हणून मोबाइलवर लागत नाही, आणि ज्याला सेटिंग्जची वाट माहीत आहे ते पोर तो बंदही करतं. एकामागून एक व्हिडिओ आपोआप लावणारा ऑटोप्ले बंद ठेवा. आणि मुलांनी तुमच्या खात्यावर पाहिलं असेल तर पाहिल्याचा इतिहास पुसून टाका, नाहीतर तुमच्या क्राइमच्या व्हिडिओंच्या सोबतीनं त्यांच्या शिफारशी येत राहतात.

मोबाइलवरून टीव्हीवर

ही वाट कुणाच्याच कागदावर नसते. मोबाइलमधून कास्ट केलेला, म्हणजे वायफायनं टीव्हीवर पाठवलेला व्हिडिओ मोबाइलच्या खात्यानं चालतो. टीव्हीवरचं मुलाचं प्रोफाइल तिथं आडवं येत नाही. त्यामुळं घरातला एखादा जुना मोबाइल मुलाच्या हातात असेल तर तोही फॅमिली लिंक या गुगलच्या पालकांसाठीच्या ॲपखाली आणा. स्क्रीन मिररिंग (मोबाइलचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवणं) करायला टीव्हीनं दर वेळी परवानगी विचारावी असं सेटिंग ठेवा. वायफायचा पासवर्ड शेजारच्या पोरांना देऊन ठेवला असेल तर तो बदला, कारण एकाच वायफायवरचा कुणाचाही फोन तुमच्या टीव्हीपर्यंत पोचतो.

वायफायचंच निघालंय तर राउटरवर एक गाळणी फुकट बसवता येते. राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएनएस (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी सेवा) लिहिलेल्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे घातले की अश्लील संकेतस्थळं त्या वायफायवरच्या सगळ्या उपकरणांवर बंद होतात. क्लाउडफ्लेअर कंपनीची ही सेवा २०२० पासून आहे. इंटरनेटवाल्याचा माणूस आला की त्याला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. मात्र यूट्यूबच्या किंवा ओटीटीच्या आतलं काही यानं गाळलं जात नाही, आणि मोबाइल डेटावर ही गाळणी चालत नाही.

ज्याला लॉक नाही: बातम्या

आता मनापासून सांगायची गोष्ट. अयोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चुंबनाची दृश्यं येतात. पण पाच-सहा वर्षांचं मूल रात्री दचकून उठतं ते बहुतेकदा बातम्यांमुळं किंवा गुन्ह्यांच्या नाट्यरूपांतरामुळं. बातम्यांना वयाचं चिन्ह नसतं आणि त्या जेवणाच्या वेळीच लागलेल्या असतात. “ते खेळतंय, त्याचं लक्ष नाही” हे खरं नसतं. मूल टीव्हीकडं पाठ फिरवून बसलं तरी कान टीव्हीकडंच असतात.

कोल्हापुरात याची एक वेगळी बाजू आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला महापूर आपण कोणी विसरलेलो नाही. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की शाहूपुरी, कसबा बावडा आणि नदीकाठच्या गावांतल्या घरांत टीव्ही दिवसभर सुरू राहतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला इशाऱ्याच्या ३९ फुटांवर आली का, धोक्याच्या ४३ फुटांकडं चालली का, हे कळायलाच हवं. पण चॅनेलवर छपरावर बसलेली माणसं आणि वाहून जाणारी जनावरं तीच तीच दाखवत राहतात. तेच दृश्य पुन्हा दाखवतायत हे लहान मुलाला कळत नाही. त्याला प्रत्येक वेळी नवं घर बुडताना दिसतं. ज्या मुलानं कडेवर बसून घर सोडलंय त्याच्यासाठी तर हे फार जड आहे. पाण्याची पातळी मोबाइलवर जिल्हा प्रशासनाच्या सूचनांतून बघा, रेडिओ लावा, टीव्ही ठरवून थोडाच वेळ लावा. आणि मुलाला साध्या शब्दांत सांगा: पाणी कुठवर आलंय, आपण कुठं जाणार आहोत, सोबत कोण असेल.

आबांचा रिमोट

इतकं सगळं करूनही दुपारी रिमोट आजी-आजोबांच्या हातात असतो. त्यांना नियमांची यादी देऊ नका. त्यांचा टीव्ही हा त्यांचा विरंगुळा आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. वेळेची वाटणी करा. “आबा, बातम्या तुम्ही बघाच, फक्त पोरं ग्राउंडवर गेल्यावर लावूया का?” असं विचारलं तर नाही म्हणणारे आबा मी तरी पाहिले नाहीत. पिनचं ओझंही त्यांच्यावर टाकू नका. नातवानं “द्या की हो आबा” म्हटल्यावर आबा विरघळणारच. त्यापेक्षा त्यांची चार चॅनेलं फेव्हरिटमध्ये घालून द्या आणि बाकीचं कुलपात ठेवा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गडहिंग्लजला नाहीतर राधानगरीला मामाच्या घरी दहा पोरं एका टीव्हीसमोर असतात. तिथं मामींशी आधी फोनवर बोलून घेणं एवढंच आपल्या हातात असतं.

दिसलंच तर

ओरडू नका, झडप घालून टीव्ही बंद करू नका. ओरडलं की मूल बघायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. शांतपणे बंद करा, जवळ बसा, “काय दिसलं? काय वाटलं?” एवढं विचारा. लहान मुलाला “ते नाटक होतं, रक्त रंगाचं होतं” पुरतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अश्लील काही दिसलं असेल तर हे मोठ्यांसाठी असतं, खऱ्या नात्यात असं नसतं, आणि पुन्हा दिसलं तर मला सांग, असं सरळ सांगा. लाजून विषय बदलला तर तो विषय मोबाइलकडं जातो.

एक अपवाद. कोणी मोठ्या माणसानं मुलाला मुद्दाम असं काही दाखवलं असेल, तर ते टीव्हीचं प्रकरण राहत नाही. लैंगिक हेतूनं मुलाला अश्लील साहित्य दाखवणं हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

तक्रार कुठं करायची

लोक आपापसांत चिडतात, तक्रार करत नाहीत. रस्ता अवघड नाही. ओटीटी असेल तर ॲपवर किंवा संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता दिलेला असतो. त्यानं २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. टीव्ही चॅनेलचीही अशीच व्यवस्था आहे: आधी चॅनेलकडं, समाधान झालं नाही तर त्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडं. मनोरंजनाच्या चॅनेलांसाठी ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल २०११ पासून काम करते. जाहिरात खटकली असेल तर ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडं ऑनलाइन लिहिता येतं.

गावातल्या केबलच्या स्वतःच्या सिनेमा चॅनेलवर भलतंच लागलं, तर आधी केबलवाल्यांशी बोला. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर १९९५ च्या केबल कायद्याखाली जिल्हाधिकारी आणि प्रांताधिकारी हे अधिकृत अधिकारी आहेत, त्यांच्याकडं लेखी अर्ज करा. अर्जात चॅनेलचं नाव, तारीख, नेमकी वेळ आणि काय दिसलं हे दोन-तीन ओळींत लिहा, जमलं तर स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.